पुराणातल्या नायकाला एवढं सोसावं का लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या सप्त्यात सात दिवस ज्या कथा सांगतात, त्यांत रोज कुणी ना कुणी काहीतरी अर्पण करतो. कुणी मांस, कुणी हाडं, कुणी पोटचं पोर. मग दुःख भोगल्याशिवाय धार्मिक कथेत मोठेपण मिळतच नाही का? आणि ‘दुःख हेच पुण्य’ असं यातून शिकायचं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मिळतं की! मारुती बघा. शेपूट पेटवली तरी त्याला चटका बसत नाही, समुद्र ओलांडून जातो, डोंगर उचलून आणतो. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी नऊ आपल्या सातारा-सांगली पट्ट्यातच आहेत. मसूर, उंब्रज, चाफळपासून बहे आणि बत्तीस शिराळ्यापर्यंत कुठेही शनिवारी जाऊन उभे राहा. लोक तिथे त्याच्या बळासाठी येतात, त्याच्या दुःखासाठी नाही. पालीचा खंडोबा तसाच. मणी-मल्लाला मारतो, पौषात म्हाळसेशी लग्न लावतो, सगळं गाव भंडाऱ्यानं पिवळं होतं. या दैवतांच्या कथेत रडायची जागाच नाही, आणि त्यानं भक्ती तसूभरही कमी झालेली नाही.

मग सप्त्यातले महाराज मारुतीच्या उड्डाणापेक्षा शिबी राजाचा तराजू जास्त वेळा का काढतात? कारण उड्डाण ऐकणाऱ्याला करून बघता येत नाही. तराजूचा प्रश्न मात्र थेट त्याच्या अंगावर येतो: तू बोलतोस तेवढं देशील का? माणूस बोलायला मोकळा असतो. त्याचं बोलणं खरं की नुसतं तोंडचं, हे दाखवायला कथाकाराकडे एकच खात्रीचं साधन आहे, ते म्हणजे परत न मिळणारं नुकसान. माझ्या मते या कथांमध्ये दुःखाचं काम पावतीचं आहे. पावती म्हणजे माल नव्हे. ही गल्लत झाली की पुढचं सगळं बिघडतं.

शिबीची कथा या दृष्टीनं पुन्हा बघा. ससाण्याच्या भीतीनं कबूतर राजाच्या आश्रयाला येतं. (महाभारतात एका ठिकाणी हीच कथा शिबीच्या बापाच्या, उशीनराच्या नावावर आहे.) ससाणा वाद घालतो, आणि त्याचा वाद खोटा नाही: हे माझं अन्न आहे, तू एक जीव वाचवशील आणि माझी पोरंबाळं उपाशी मारशील. राजा म्हणतो, बैल घे, डुक्कर घे, हरीण घे. ससाणा नाही म्हणतो. कथेतली कळ इथेच आहे. हरणाचं मांस दिलं असतं तर राजाच्या शब्दाची किंमत हरणानं मोजली असती. म्हणून कबुतराच्या वजनाइतकं स्वतःचं मांस, आणि तेही तराजूत घालून. राजा कापून टाकत जातो, कबूतर जड होत जातं, शेवटी राजा स्वतःच पारड्यात बसतो. सांगणारे बहुतेक जण रक्ताच्या वर्णनात पाच-दहा मिनिटं घालवतात आणि बैल-हरणाचा भाग एका वाक्यात उरकतात. तो भाग गाळला की उरतं ते नुसतं अंगावर शहारा आणणारं वर्णन. राजानं मांस का कापलं याचं कारणच उरत नाही.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे सुटायला वाट होती का. कर्ण घ्या. कवचकुंडलं मागायला इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येणार आहे, हे सूर्य त्याला स्वप्नात येऊन आधीच सांगतो. देऊ नकोस, जीव जाईल, म्हणून विनवतो. कर्ण फसत नाही, जाणूनबुजून देतो, म्हणूनच ते दान. फसवून घेतलं असतं तर ती चोरी झाली असती. आता यातला एक भाग आपल्याकडे कीर्तनात हमखास गळतो. वनपर्वात सूर्यच पुढे सांगतो की द्यायचंच असेल तर बदल्यात अमोघ शक्ती मागून घे, आणि कर्ण ती मागून घेतो. एकाच शत्रूवर चालणारी शक्ती, जी पुढे अर्जुनाऐवजी घटोत्कचावर खर्ची पडते. ‘निरपेक्ष दान’ म्हणून सांगायचं असलं की हा व्यवहार अडचणीचा होतो, म्हणून गाळतात. माझ्या मते गाळू नये. मूळ कथेला कर्ण संत करायचा नाहीच. त्याला कीर्ती हवी आहे, आणि तो तसं स्पष्ट बोलतो.

हीच वाट करबलाच्या कथेतही आहे. मोहरमच्या दहाव्या तारखेला, इसवी सन ६८० मध्ये, पैगंबरांचे नातू हुसेन आणि त्यांचे साथीदार मारले गेले. परंपरा त्यांची संख्या बहात्तर सांगते. त्यांचं पाणी आधीच तोडलेलं होतं. पण आदल्या रात्रीचा प्रसंग परंपरेनं जपून ठेवला आहे: हुसेन दिवा विझवायला लावतात आणि साथीदारांना म्हणतात, वैरी माझ्यासाठी आलेत, अंधारात निघून जा, कुणाला लाज वाटायला नको. कुणी जात नाही. मोहरमला सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात तेव्हा मान, खांदा, नारळ यात हिंदू घराणीही असतात. तहान ही त्या कथेतली सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. विझवलेला दिवा तितका ठाऊक नसतो, आणि तहानेला अर्थ त्या दिव्यामुळे येतो. नुसतं तहानेनं मरणं म्हणजे अत्याचार. जाता येत असताना थांबणं म्हणजे हौतात्म्य.

आता सगळ्यात अवघड कथा, जिच्यामुळे तुम्ही हा प्रश्न विचारला असावा असा माझा अंदाज आहे: श्रियाळ, चांगुणा आणि चिलया. ही कथा शिवलीलामृतात येते. तो ग्रंथ श्रीधरांनी बारामतीत शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ साली पूर्ण केला. श्रावणात घरोघरी वाचला जातो, त्यामुळे कथा सगळ्यांना पाठ. शिव विद्रूप अतिथी होऊन येतो आणि नरमांस मागतो, तेही यजमानाच्या मुलाचं. आई मुलाचं शिर बाजूला ठेवते, तर ते ओळखून म्हणतो, उखळात घालून कांड, डोळ्यांत पाणी येता कामा नये, तोंडानं गाणं म्हण. स्वयंपाक होतो, पान वाढलं जातं. मग म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. चांगुणा हाक मारते आणि चिलया धावत येतो.

ही कथा एकट्या मराठीची नाही. तमिळमध्ये ती शिरुत्तोंडर नायनार या शिवभक्ताची आहे. मुलाचं नाव तिथे शीराळन, आणि आपला चिलया हा त्याचाच धाकटा भाऊ म्हणायला हरकत नाही. कन्नड-तेलुगूतही ती आहे. तमिळ कथेत शिव भैरवाच्या वेषात येतो आणि अट घालतो: पाच वर्षांचा एकुलता एक, अंगानं धडधाकट मुलगा हवा, आईनं धरायचं, बापानं कापायचं आणि दोघांनी आनंदानं. मुलाला काय चाललंय हे कळतच नाही. आईबाप खूश दिसतात म्हणून तोही हसतो.

आता मराठी सांगणी बघा. शिव आधी शाळेत जातो, चिलयाला गाठून सांगतो की तुझे आईबाप तुला मारणार आहेत, पळून जा. चिलया नाही म्हणतो. हा बदल मला फार मोठा वाटतो. नुसत्या आईबापाच्या भक्तीवर भागत नाही, ज्याचा जीव जाणार त्याला विचारलं पाहिजे, असं या सांगणीत दिसतं. म्हणून वाट उघडली, आणि तीही खुद्द मागणाऱ्यानंच. बाळाला विचारून होकार घेणं याला आजच्या हिशेबानं काही अर्थ नाही, हे खरंच. शाळकरी पोराचा होकार हा होकार नव्हे. पण कथेला स्वतःची ठेच कळली होती, आणि तिनं आपल्या परीनं मलमपट्टी केली, एवढं तरी दिसतं.

या कथेत चूक होते ती उखळापाशी. तिथे पेटी हळू होते, बायका पदर डोळ्याला लावतात, आणि सांगणारा त्या रडण्याला भुलून प्रसंग लांबवतो. पण अटच अशी आहे की चांगुणेनं रडायचं नाही. तिचं रडू थांबलेलं असताना सांगणाऱ्यानं स्वतः रडू नये. दोन तासांच्या कीर्तनात आख्यानाला अर्धा तास मिळतो असं धरलं तर त्यातली दहा मिनिटं शाळेतल्या प्रसंगाला द्या, उखळाला तीन पुरेत. आणि शेवटी मूल परत आल्यावर ‘देवानं परीक्षा घेतली हो’ म्हणून टाळ्या घेऊ नका. परीक्षाच होती हे आधी ठाऊक असतं तर कांडण्यात काय विशेष? चांगुणेला ते ठाऊक नव्हतं. श्रोत्यालाही शेवटच्या हाकेपर्यंत विसरायला लावणं, एवढंच सांगणाऱ्याचं कसब.

यावर तुम्ही म्हणाल, मग बापानं पोराचा बळी देणं हे पुराणांना मान्यच दिसतं. तसं नाही. हरिश्चंद्राची जुनी कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे आणि ती आपल्या डोंबाघरच्या हरिश्चंद्राहून अगदी वेगळी आहे. मूल व्हावं म्हणून तो वरुणाला नवस करतो: मुलगा दे, तोच तुला अर्पण करीन. मुलगा होतो. मग टाळाटाळ सुरू. दहा दिवस होऊ देत. दात येऊ देत. दुधाचे दात पडू देत. पुन्हा येऊ देत. कवच घालण्याइतका मोठा होऊ दे. मुलगा रोहित मोठा होतो आणि सरळ रानात निघून जातो. बापाला जलोदर होतो. सहाव्या वर्षी रोहिताला रानात अजीगर्त नावाचा भुकेला ब्राह्मण भेटतो. त्याला तीन मुलगे. थोरला बाप सोडत नाही, धाकटा आई सोडत नाही, मधला शुनःशेप शंभर गाईंना विकला जातो. यज्ञात त्याला खांबाला बांधायला कुणी तयार होईना, तेव्हा आणखी शंभर घेऊन बापच बांधतो. कापायला कुणी येईना, तर आणखी शंभर घेऊन बापच सुरी घेऊन पुढे येतो. शुनःशेप देवांची स्तुती करतो, पाश गळून पडतात, इकडे राजाचा आजारही बरा होतो. मग बाप म्हणतो, आता घरी चल. पोरगं उत्तर देतं: तुझ्या हातात सुरी पाहिली सगळ्यांनी, माझ्यापेक्षा तुला तीनशे गाई प्याऱ्या झाल्या. आणि तो विश्वामित्राचा मुलगा होतो.

यात सोसणारा शुनःशेप आहे, पण त्याग कुणाचाच नाही. दुसऱ्याच्या जिवावर फेडलेला नवस कसा दिसतो, हे इतक्या जुन्या ग्रंथात इतक्या कोरड्या हिशेबानं मांडलेलं आहे, आणि सप्त्यात ते कुणी सांगत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. पुढे मार्कंडेय पुराणातल्या हरिश्चंद्राला हेच माप लावून घडवलं असावं असं वाटतं. राज्य त्याचं स्वतःचं जातं, शरीर त्याचं विकलं जातं. बायकोला विकण्याची वेळ येते तेव्हा ती स्वतःच ‘मला विका’ म्हणते. पुन्हा तीच दुरुस्ती: किंमत दुसऱ्याच्या अंगावर पडणार, तर निदान तिच्या तोंडून तरी निघू दे. ही दुरुस्ती पुरेशी आहे का, यावर मी तरी नाहीच म्हणेन.

आणि नुसतं स्वतःला इजा करून घेणं? त्याचं उदाहरण आपल्या कृष्णाकाठचंच आहे. गुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायात करवीरचा एक मंदबुद्धी मुलगा भिलवडीच्या भुवनेश्वरीसमोर उपाशी बसतो. देवी प्रसन्न होत नाही म्हणून जीभ कापून तिच्या पायाशी ठेवतो आणि आता डोकंही कापीन म्हणतो. देवी काय करते? जिभेच्या बदल्यात विद्या देत नाही. स्वप्नात येऊन सांगते, पलीकडे औदुंबराखाली यती आहेत, त्यांच्याकडे जा. पोरगं नदी ओलांडून जातं, आणि नृसिंह सरस्वतींच्या कृपेनं जीभही परत येते, बुद्धीही. त्या जिभेला कथेनं किंमत दिली ती एका पत्त्याची. कारण ती कुणासाठी कापलेली नव्हती, ती अडवणूक होती. नवसाच्या बगाडाचं गणित यापेक्षा सरळ असतं. वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीला दगडी चाकांच्या गाड्यावर शिडाला, म्हणजे उंच लाकडाला, बगाड्या म्हणजे नवस फेडणारा माणूस टांगतात. पूर्वी अशा बगाडांत पाठीत गळ टोचत, आता बांधतात. त्यात देणं फेडायचं असतं, नवं काही मागायचं नसतं.

युरोपातले लोकही वेगळं सांगत नाहीत, म्हणून थोडक्यात. ग्रीकांचा प्रॉमिथिअस माणसांना अग्नी देतो आणि त्याबद्दल रोज गरुडाकडून यकृत तोडून घेतो. उत्तर युरोपातला ओडिन देव स्वतःला नऊ रात्री झाडाला टांगून घेतो आणि अक्षरांची विद्या मिळवतो. पहिला दुसऱ्यांसाठी, दुसरा स्वतःच्या ज्ञानासाठी, आणि दोघांचा दर्जा त्यांच्या लोकांत वेगळा आहे.

हे सगळं दगडात बघायचं असेल तर वीरगळ, म्हणजे लढताना गेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, बघा. आपल्याकडे गावोगाव आहेत. वाई तालुक्यात चंदन-वंदनच्या पायथ्याला किकलीच्या भैरवनाथाच्या देवळापाशी तर रांगच आहे. वाचायची पद्धत खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला, बाजूला गाई असल्या तर समजायचं की गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना गेला. त्यावर लढाई, ढाल-तलवार, कधी घोडा. त्यावर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेताना. सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा, डोक्यावर कलश, आणि चंद्र-सूर्य म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती. कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. दोन्हींत घोटाळा होतो, शिवाय शेंदूर आणि ऑइलपेंटनं निम्म्या चौकटी बुजलेल्या असतात. भर दुपारी काही दिसत नाही. सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात जा, नाहीतर मोबाइलची बॅटरी बाजूनं मारा. खडू घासू नका, तेल लावू नका.

आता त्या दगडावर काय नाही ते बघा. जखम नाही. वेदनेनं वाकडा झालेला चेहरा नाही. बहुतेक वीरगळांवर नावसुद्धा नाही. ज्यांनी तो दगड उभा केला त्यांनी गाई कोरल्या, म्हणजे कशासाठी गेला ते ठेवलं, आणि कसा तळमळला ते सोडून दिलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला, दुःख हेच पुण्य का, याला किकलीच्या पाथरवटाइतकं नेमकं उत्तर मला देता येणार नाही.

याच चौकटी लावून जवळचा इतिहासही सांगता येतो, आणि तिथे चुका जास्त होतात. सातारा जिल्ह्यातल्या वडूजला ९ सप्टेंबर १९४२ रोजी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात गेलेल्यांच्या कथा शाळाशाळांतून सांगतात. गोळ्या आणि रक्त आधी, आणि मोर्चा कशासाठी होता हे जमलं तर शेवटी. उलटं करा. तिरंगा कुठे लावायचा होता, घरी थांबणं किती सोपं होतं, हे आधी येऊ द्या.

तसंच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांबद्दल बोलताना हमखास ऐकू येतं की वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी अण्णांनी दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. दागिने लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे होते. नाही म्हणायची मुभा त्यांना होती, आणि दिले त्यांनी. सप्त्यात एखाद्या रात्री ही गोष्ट घेणार असाल तर आख्यान त्यांच्या नावानं लावा.